नसलेला बिबट्या

मुलांनो, थोरलीची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिचं बाळ तेव्हा सहा आठवड्यांचं होतं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, तू आईला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं आंघोळ कधी घातलीस?"

मी खरं ते सांगितलं. "अडीच महिन्यांची झाल्यावर."

"इतक्या उशिरा? का?"

नुसतं कुतूहल असतं तर तिनं तो "का" अशा दबक्या आवाजात विचारला नसता. मी म्हटलं, "मला भीती वाटायची." मग ती रडायला लागली, आणि रडताना म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच आहे."

त्या दिवशी फोनवर थोडक्यात सांगितलं होतं. आता तिच्या सांगण्यावरून नीट, क्रमानं लिहून काढते, तुम्हा सगळ्यांसाठी. तुमच्या आईनं आणि मावशीनं हे माझ्या तोंडून ऐकलेलं आहे. तुम्ही लांब गेलात, म्हणून तुमच्यापर्यंत पोचायचं राहिलं.

तेव्हा आपला जिल्हा चांदा म्हणून ओळखला जायचा आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील होती. तुमचे आजोबा जंगल खात्यात रेंजर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांची बदली गोंडपिपरीच्या पुढं, सागाच्या जंगलात झाली. गाव पन्नाससाठ घरांचं. आमचं क्वार्टर गावाबाहेर, कौलारू, पुढं पडवी आणि मागं विहीर. विहिरीचा काठ जेमतेम गुडघ्याएवढा होता. मी नागपूरला इंटरपर्यंत शिकलेली, इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी मुलगी. जंगलाची मला भीती वाटली नाही. सापाविंचवाचीही फारशी नाही.

थंडीत तुमची आई जन्मली. माझी आई चिमूरहून बाळंतपणाला आली होती. गावातली सुईण रोज सकाळी येई. पाय पसरून पाटावर बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, तेल चोळायची आणि ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची. पन्नाशीची बाई, काटक, तोंडानं फटकळ. मी बाजूला बसून पाहायची. सगळं छान चाललं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा बाळाला घेऊन मी मागच्या दारी ऊन खायला उभी होते. विहीर पाच पावलांवर. मनात आलं, हे हातातून निसटून आत पडलं तर? कुठल्याही आईच्या मनात येईल असा विचार. पण त्याच्या मागोमाग दुसरा आला: निसटलं तर नव्हे, मीच टाकलं तर?

मी आत पळाले, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. मला तसं करायचं नव्हतं. जगात दुसरं काहीही चालेल पण ते नको, इतकं नको होतं. तरी तो विचार दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग विळीवर भाजी चिरताना आला. मग न्हाणीत, पाणी तापलेलं पाहून. दिवसातून वीसदा येऊ लागला.

आईला सांगून पाहिलं. एवढंच म्हटलं, "आई, विहिरीपाशी गेलं की मला बाळाबद्दल काहीतरी वाईट सुचतं."

"शिव शिव! असलं तोंडातून काढू नये गं," ती म्हणाली, आणि मीठमोहऱ्या घेऊन दोघींची दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या. तिचं समाधान झालं. मी पुन्हा तो विषय काढला नाही. वडिलांची तब्येत बिघडल्याचं पत्र आलं आणि सव्वा महिना होताच ती परत गेली. तिला मी दोष देत नाही. तिच्याजवळ जे होतं ते तिनं केलं.

आता मी एकटी. माझी खात्री झाली होती की मला वेड लागतंय. कॉलेजात एखादी मुलगी जरा विचित्र वागली की आम्ही पागलखान्याचं नाव घेऊन खिदळायचो. ते हसणं आता आठवायचं. वाटायचं, हे कुणाला कळलं तर बाळ माझ्यापासून काढून घेतील आणि मला नागपूरच्या पागलखान्यात पाठवतील. आणि नाही कळलं तर? तर बाळ माझ्यासारखीच्या हातात राहील. दोन्हीकडून बाळ जाणार असंच दिसायचं.

मग मी मला येत होतं तेच केलं. वही काढली आणि नियम लिहिले. इंग्रजीत, कारण घरात येणाऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं. वर मथळा दिला, 'खबरदारी'. खाली आकडे घालून:

एक, बाळाला घेऊन विहिरीवर जायचं नाही. दोन, मागच्या अंगणात एकटीनं बसायचं नाही. तीन, आसपास दुसरं माणूस असेल तेव्हाच बाळाला पाळण्याबाहेर काढायचं. चार, पाळणा आतल्या खोलीत. पाच, कोयता आणि कुऱ्हाड कुठं आहेत ते रोज सकाळी पाहायचं.

पाचवा नियम का, तर ती हत्यारं माझ्यापासून लांब आहेत ना, एवढ्यासाठी. विळी मी आधीच माळ्यावर टाकली होती आणि जेवणात फक्त वरण, भात, पिठलं करत होते. बाळाला दूध पाजायची ती सुईण किंवा आजोबा घरात असताना, नाहीतर कुणालातरी पडवीत बोलावून बसवून. सुईणीचे ठरलेले दिवस संपले तरी मी तिला रोज बोलावत राहिले. आंघोळीच्या वेळी हात पाठीमागे बांधून दारात उभी राहायची.

घरात इंग्रजी येणारं एक माणूस होतं, हे मी वेंधळेपणानं विसरले. आजोबांनी एका संध्याकाळी पेन्सिल शोधताना माझी वही उघडली.

त्यांनी मला काही विचारलं नाही. जंगल खात्यातल्या माणसाच्या डोक्यात जे येईल तेच त्यांच्या डोक्यात आलं. विहिरीवर जायचं नाही, अंगणात एकटं बसायचं नाही, पाळणा आत, कुऱ्हाड कुठं आहे ते पाहायचं. म्हणजे बायकोनं बिबट्या पाहिला आहे, आणि मी फिरतीवर असताना काळजी करत बसेन म्हणून बोलत नाही! त्यातच त्या आठवड्यात नाकेदाराचं कुत्रं नाहीसं झालं होतं. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी, तो जवळच राहायचा. कुत्रं आणि वही यांची सांगड बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काठी घेऊन माणूस उभा. मागच्या कुंपणाला दोघं जण काटेरी फांद्या लावत होते. नाकेदार पडवीपाशी येऊन म्हणाला, "बाईसाहेब, तुमी भेऊ नोका. साहेबानं सांगतलं आमाले. माह्या कुत्र्याचा बदला घेतो मी त्या बिबट्याचा!"

"कोणता बिबट्या?" मी विचारणार होते. पण विचारलं नाही.

हे कबूल करताना आजही लाज वाटते. बिबट्या मला सोयीचा होता. आता घरात सतत माणसं होती. मला एकटं कुणी सोडत नव्हतं. विहिरीवरून पाणी आणायला गडी आला. मी थरथरले तर लोकांना कारण माहीत होतं. आजोबांनी विचारलं, "कुठं दिसला होता?" मी नुसतं मागच्या दाराकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि आपल्या वहीत लिहून घेतलं.

असे आठ दिवस गेले. बकरी बांधून पाहिली. बकरीनं माझ्या तुळशीची पानं खाल्ली, बाकी काही झालं नाही. आणि मग आजोबांनी गावात सांगितलं की बिबट्या मिळेपर्यंत उजाडण्याआधी कुणी जंगलात जाऊ नये.

दिवस मोहाचे होते. तुमच्यातल्या कुणी मोहाचं झाड पाहिलं असेल-नसेल. पहाटे त्याची फुलं टपटप खाली पडतात, आणि उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर केला तर हरणं, अस्वलं, गुरं सगळं फस्त करतात. ती फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यात, घरात धान्य नसताना, त्यावर दिवस निघतात. हंगाम जेमतेम तीनचार आठवड्यांचा. त्यातले दिवस माझ्या बिबट्यापायी वाया जायला लागले.

बंदीच्या तिसऱ्या दिवशी सुईण आली ती धुमसतच. तेलाची वाटी तिनं आपटून ठेवली.

"बाई, एक सांगा मले. बिबट्या तुमी डोयानं पायला का?"

मी पाट पुढं सरकवला.

"इथी माहा जनम गेला. बिबट्या येते त् पाय उमटते. विहिरीपाशी ओल हाय, तिथी त् उमटाच पायजे. मी सारं फिरून पायलं. बकरीचे पाय, नाकेदाराचे पाय, साहेबाच्या बुटाचे पाय. बिबट्याचा एक नाई!" ती बाळाचं दुपटं सोडत होती, पण डोळे माझ्यावर. "आमचा मोहा हरनं खाऊन राह्यले. माही सून तिकडं बोंबलून राह्यली. तुमी नाई पायला त् नाई म्हना साहेबाले. लाज कायची?"

"मी पाहिला नाही," मी म्हटलं.

"मंग काऊन?"

सांगायला तोंड उघडलं आणि शब्द येईनात. इंग्रजीत आले असते. मराठीत ते वाक्य मी कधी उच्चारलंच नव्हतं. ती थांबली. बाळाला तिनं पदराखाली घेतलं आणि वाट पाहत बसली. घाई असूनही बसली, हे मी विसरत नाही.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "मीच हिला काही करीन. विहिरीत टाकीन. विळीनं..." मी भिंतीकडे तोंड केलं. आता ती ओरडेल, बाळाला घेऊन बाहेर पळेल, आणि सगळं संपेल.

"कराव वाटते का भेव वाटते?" तिनं विचारलं.

"भीती वाटते. फार भीती."

"हात्तिच्या!" सुईण म्हणाली. "मले त् मुसयाचं वाटे."

"मुसळाचं?" मी वळून पाहिलं. ती बाळाच्या पोटाला तेल लावायला लागली होती.

"माहा पयला पोरगा. मी धान कांडाले बसो, थो बाजूले झोपलेला. मुसय उचललं का वाटे, आता हे त्याच्या डोस्क्यावर हानतो मी. रोज वाटे. सकाय-संध्याकाय. मी मुसय फेकून पयाली एकडाव, सासूनं पायलं. म्हने काऊन पयते वो? मंग सांगतलं तिले."

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"म्हने, मले भाकर थापताना चुलीचं वाटे." सुईण हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "मंग तिनं एक लावून देल्लं. कांडताना जावेले बसवे माह्यासंगं. आलं का मी म्हनो, 'आलं वो.' जाऊ म्हने, 'येऊ दे. तू कांड.' अशी कांडत गेली. मुसय खाली ठेवाचं नाई आन् पोराले दूर न्याचं नाई. बस."

"आणि गेलं ते?"

"पावसायापर्यंत होतं. मंग कवा गेलं, ध्यानातबी नाई." आणि मग एकदम, "या इकडं. बसा पाटावर."

मी नाही नाही म्हणत होते. तिनं माझं मनगट धरून मला बसवलं, पाय पसरायला लावले आणि बाळाला माझ्या पायांवर पालथं ठेवलं. उघडं, तेलकट, ऊबदार. अडीच महिन्यांत प्रथमच मी तिची पाठ नीट पाहिली. खांद्यावर एक तीळ होता, जो मला माहीतच नव्हता.

"पानी मी टाकते. तुमी धरा. आलं का?"

"आलं," मी म्हटलं. मी रडत होते.

"येऊ द्या. मान धरा तिची. आलं का?"

"आलं."

"येऊ द्या. काखेत तेल राह्यलं, पुसा."

तो विचार तिथंच होता, आणि माझे हात काखेतलं तेल पुसत होते. दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बाळानं एकदा माझ्या गुडघ्यावर शू केली. सुईण म्हणाली, "घ्या, पोट्टीनं आशीर्वाद देल्ला!" आणि मी रडता रडता हसले.

दुपारी आजोबा जेवायला आले. मी सगळं सांगितलं. यावेळी जरा सोपं गेलं, एकदा सांगून झालं होतं. ते हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले. मग पंचनामा करावा तसे एकेक प्रश्न विचारू लागले. कधीपासून? रोज? झोप येते का? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं.

"म्हणजे बिबट्या नाहीच?"

"नाही."

"मी वर कळवलंय. शिकारी मागवलाय. आता काय लिहू?"

"बकरी सुखरूप आहे म्हणून लिहा."

ते आधी चमकून माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग असे हसले की ठसका लागला. नंतर त्यांनी हात धुतले, पाळण्यातून बाळाला उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं. कुऱ्हाड कुठं आहे ते त्यांनी पाहिलं नाही. मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळत होतं. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं त्यातलं पुष्कळसं त्या एका दुपारचं आहे.

त्यांनी लगेच जंगलबंदी उठवली. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना बाळाला घेऊन मी सुईणीबरोबर मोहाखाली गेले. बायकांना उत्तर देणं मला भाग होतं. त्यांचं नुकसान माझ्यामुळं झालं होतं. सातआठ जणी वाकून वेचत होत्या. त्यांची मुलं फांद्यांना बांधलेल्या लुगड्यांच्या झोळ्यांत. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बिबट्या नव्हता आणि मला काय होत होतं ते.

एकीनं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे आमचा तीन दिवसाचा मोहा तुमच्या डोस्क्यानं खाल्ला?"

"हो," मी म्हटलं.

"मंग वेचा आता! उभ्या काऊन?"

मी बाळाला झोळीत ठेवलं आणि वेचायला बसले. थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, एक तरुण बाई म्हणाली, "मले नदीचं वाटे." मग आणखी एकजण काहीतरी बोलली. बाकीच्यांना कधीच तसं वाटलं नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. त्यातल्या एकीला तर हा सगळा शिकलेल्या लोकांचा रिकामपणा वाटला. पण माझ्या बाळाची झोळी तिनंच हलवली. वेचलेली फुलं मी त्यांच्याच टोपल्यांत टाकली. पुढं वर्षभर मी दिसले की कुणीतरी विचारायचं, "बाई, बिबट्या कसा हाय तुमचा?" मी म्हणायची, "येतो अधूनमधून." नाकेदाराचं कुत्रं पंधरा दिवसांनी परत आलं. एका वरातीमागून ते शेजारच्या गावी गेलं होतं आणि चांगलं लठ्ठ होऊन आलं होतं.

सुईणीवरच सगळं सोडलं असं समजू नका. पुढच्या आठवड्यात गोंडपिपरीहून मोटारीनं आम्ही चांद्याला गेलो. तिथं एक लेडी डॉक्टर होत्या. आजोबा बाहेर बसले. बाईंनी मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. मग सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मी म्हटलं, दोनदा वाटलं होतं, दुपारी. त्यांनी मान डोलावली, जशी एखादीनं ताप किती आहे हे सांगितल्यावर डोलवावी. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असे विचार येतात, आणि घाबरून त्या सांगत नाहीत. जी घाबरते तिला ते करायचं नसतं. पण भीती जाऊन करावंसंच वाटायला लागलं, कुणी कानात सांगतंय असं वाटलं, किंवा पुन्हा जीव द्यावासा वाटला, तर त्याच दिवशी ये. आता झोप, पोटभर जेवण, घरात मदतीला बाई, आणि महिन्यानं परत भेट. मी तीनदा गेले.

परत आल्यावर विळी माळ्यावरून काढली. वांगी चिरली. पहिल्या दिवशी आजोबा समोर बसले होते आणि मी मध्येच म्हणाले, "आलं." त्यांना उत्तर माहीत होतं, पण त्यांच्या तोंडी ते "येऊ दे, येऊ दे, मी आहे" असं लांबलचक व्हायचं. पाऊस सुरू झाला, धानाच्या रोवणीचे दिवस आले, आणि एक दिवस विहिरीच्या काठाशी बाळाला कडेवर घेऊन मी शेजारणीशी अर्धा तास बोलत होते हे घरात आल्यावर माझ्या लक्षात आलं. माझंही तसंच झालं: कधी गेलं ते ध्यानात राहिलं नाही. तुमच्या मावशीच्या वेळी पुन्हा आलं. पण तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि ते लवकर गेलं.

वही मी ठेवली नाही. पाचही नियम खोडले आणि मागच्या पानांवर धोब्याचे कपडे लिहिले.

थोरली आता तिथल्या डॉक्टरकडे जाते आहे. तिच्या नवऱ्यालाही तिनं सांगितलं. आणि रोज, इथं दिवेलागणीला, तिच्याकडे सकाळी, ती फोन न्हाणीघरातल्या फळीवर ठेवते. मला पाण्याचा आवाज येतो.

"आलं का गं?" मी विचारते.

पहिल्या आठवड्यात ती रडत "आलं" म्हणायची. काल म्हणाली, "आलं होतं मगाशी. थांब आजी, हा साबणानं बुळबुळीत झालाय." मग बाळ शिंकलं, आणि टॉवेल कुठं ठेवलास म्हणून ती नवऱ्यावर ओरडली.